दाढ काढली, हाड राखलं

रूट कॅनाल केलेली खालची डावी दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. अशी दाढ वाचत नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारलं, "पुढे इम्प्लांट बसवायचं आहे का? तसं असेल तर काढतानाच खड्ड्यात ग्राफ्ट भरू." इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचं कृत्रिम मूळ, त्यावर दात बसतो; ग्राफ्ट म्हणजे हाडाची जागा राखायला खड्ड्यात भरायचे दाणे. हा प्रश्न दाढ काढायच्या आधीच निघायला हवा. डॉक्टरांनी काढला नाही, तर आपण काढावा.

दाताला लागून असलेला हाडाचा थर दातावरच जगतो. दात निघाला की तो विरू लागतो. गालाकडची भिंत आधीच पातळ, समोरच्या दातांपाशी तर बहुतेकदा एक मिलिमीटरहून कमी, म्हणून तीच आधी खचते. वर्षभरात हाडाची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते. ग्राफ्टने ती कमी होते, पूर्ण थांबत नाही.

माझ्या खड्ड्यात गुरांच्या हाडापासून केलेले दाणे भरले. त्यातला सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज सांगाडा ठेवलेला असतो. तो फार हळू विरतो, त्यामुळे आकार टिकतो. वर झाकायच्या मेम्ब्रेनचं, म्हणजे पातळ पडद्याचं, कोलेजन हे प्रथिनही जनावराचंच असतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधी सांगावं, कृत्रिम पर्याय मिळतात.

भूल दिल्यावर दाढ मधोमध कापून दोन्ही मुळं वेगवेगळी काढली. जोर लावून उपटली तर गालाकडची भिंत तुटते. मग क्युरेटने, म्हणजे चमच्यासारख्या छोट्या हत्याराने, खड्डा खरवडणं, सगळ्यांत चिकाटीचं काम. सुजलेला मऊ भाग आत राहिला तर ग्राफ्टला संसर्ग होतो आणि सगळं वाया जातं. सलाइनने धुऊन, भिंती चाचपून, अर्धा ग्रॅम दाणे रक्तात भिजवून घेतले. ओल्या रव्यासारखे दिसत होते. ते हाडाच्या काठापर्यंतच भरले आणि हलकेच दाबले. ठासून भरले तर दाण्यांमधल्या फटी बुजतात, आणि नव्या रक्तवाहिन्या त्या फटींतूनच शिरतात. वर कोलेजन आणि आठाच्या आकड्यासारखा टाका.

पहिले 24 तास चूळ भरायची नाही, जोराने थुंकायचं नाही, उसाचा रस स्ट्रॉने ओढायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाने चूळ, 10 मिली, दिवसातून दोनदा. टाका निघेपर्यंत तर्री पोहे बंद.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. नागपुरात हे वेगळं सांगावंच लागतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, सुपारीचा चुरा टाक्यात अडकतो, आणि भरून येणारी जखम उघडी पडते. ज्यांना तो काही आठवडेही सोडणं जमणार नाही, त्यांनी हा खर्च करण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावं. मधुमेहींनी साखर आधी ताब्यात आणावी.

सुरुवातीला जिभेला दोन-चार दाणे लागतात, ते चालतं. मूठभर वाळू आल्यासारखं वाटलं, दुर्गंधी आली किंवा तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टाका दहाव्या दिवशी निघाला. सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, चार महिन्यांनी. ग्राफ्टच्या डबीवरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून फाइलमध्ये लावलं आहे, कारण इम्प्लांटसाठी किती थांबायचं हे आत कोणतं मटेरियल आहे त्यावरही ठरतं.