मात्चानचे डोळे

परवाचा दिवस डोक्यातून जातच नाहीये. मी पुण्यात जपानी-मराठी भाषांतराची कामं करते, एका फिल्म क्लबला 'जिराइया'चं मराठी निवेदन लिहून टायमिंगसकट द्यायचं होतं. 1921 चा मूकपट, जादू जाणणाऱ्या निंजाची गोष्ट, हिरो ओनोए मात्सुनोसुके. तेव्हा जपानमध्ये पडद्याशेजारी बेन्शी उभा राहून गोष्ट सांगायचा, सगळ्यांचे आवाज एकटाच काढायचा, म्हणून आम्हीपण माणूसच उभा करणार होतो.

सकाळी लावला तर सगळे तुरुतुरु पळतायत. एडिटिंगचा मुलगा हसून बेजार, "ताई, ही तर कॉमेडी आहे!" मला ते लागलंच. ओकायामाचा, 1875 चा जन्म, गावोगाव फिरणाऱ्या काबुकीत, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकात वाढलेला माणूस, क्योटोतला थिएटरमालक माकिनो शोझो त्याला 1909 ला कॅमेऱ्यासमोर आणतो आणि पुढच्या 17 वर्षांत हजाराच्या वर पिक्चर! स्क्रिप्ट हातात नसायचीच, माकिनो कॅमेऱ्याशेजारून संवाद सांगणार, नट तसंच बोलणार. लोक त्याला लाडाने 'मेदामा नो मात्चान' म्हणायचे, बटबटीत डोळ्यांचा मात्चान.

मग लक्षात आलं, फाइल 24 फ्रेमवर बसवलीये. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला फ्रेम कमी. 16 वर आणायला लावलं, सगळं टायमिंग परत, दुपार त्यातच गेली.

पण काय सांगू! शत्रूंनी घेरलंय, हा बोटं जुळवून मंत्र म्हणतो, धूर, गायब. आम्ही एकेक फ्रेम पुढे नेली. कॅमेरा थांबवून हा बाजूला झालाय, बाकीचे तलवारी उगारून तस्सेच उभे, फक्त एकाची बाही दोन फ्रेममध्ये जराशी सरकलीये. तो बिचारा श्वास रोखून उभा असणार! आणि मात्चान डोळे वटारून जी पोज धरतो, काबुकीत तिला मिए म्हणतात, ती सकाळी नुसती निसटून जात होती. आता ती थांबली.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, याचे बाकीचे कुठे मिळतील?"

मिळत नाहीत रे. हजारातले बोटावर मोजण्याइतके उरलेत, त्यातलेही काही तुकडेच. 1926 मध्ये पन्नाशीतच गेला. गरिबांच्या घरांसाठी पैसे दिलेले, क्योटोत कामो नदीकाठी त्याचा पुतळा आहे.

त्या पोजवर मी चार ओळी लिहिल्या होत्या, खूप आवडल्या होत्या मला. रात्री फाइल पाठवताना काढून टाकल्या. तिथे फक्त लिहिलं, निवेदकाने गप्प राहायचं.