जावात मेथडला ऑब्जेक्ट दिला की नेमकं काय जातं?

‘जावात ऑब्जेक्ट बाय रेफरन्स जातात’, म्हणजे मेथडला कॉल करणाऱ्याचं मूळ व्हेरिएबलच मिळतं, हे वाक्य नोट्समध्ये सर्रास सापडतं. ते चूक आहे. जावात सगळंच बाय व्हॅल्यू जातं, म्हणजे व्हेरिएबलमध्ये जे असेल त्याची प्रत जाते. फक्त व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतोच, त्याचा रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टकडे नेणारा दुवा, असतो. मेथडला मिळते ती या रेफरन्सची प्रत. हीपमधला, म्हणजे ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीतला, ऑब्जेक्ट एकच राहतो.

समजा, खात्याच्या ऑब्जेक्टमध्ये शिल्लक ५००० आहे. मेथडमध्ये पॅरामीटरपुढे टिंब देऊन शिल्लक ४००० केली, तर कॉल करणाऱ्यालाही ४०००च दिसतात. पण पॅरामीटरला ‘न्यू’ने नवं खातं दिलं, तर बाहेर काहीच हलत नाही, कारण मेथडची स्वतःची प्रत तेवढी दुसरीकडे वळली. दोन व्हेरिएबलची अदलाबदल करणारी स्वॅप मेथड जावात म्हणूनच लिहिता येत नाही. सी-शार्पमध्ये ‘रेफ’ लिहून ती जमते. खरं बाय रेफरन्स ते.

स्ट्रिंगने खूप जण फसतात. मेथडमध्ये प्लस-इक्वल्स वापरलं की जुनी स्ट्रिंग तशीच राहते आणि नवी तयार होते, म्हणून कॉल करणाऱ्याकडे जुनीच उरते. इंटिजरचंही तसंच. स्ट्रिंगबिल्डरवर अपेंड केलं, तर मात्र बाहेर दिसतं. पॅरामीटर ‘फायनल’ केल्याने ऑब्जेक्टला संरक्षण मिळत नाही. फक्त त्या नावाला दुसरा ऑब्जेक्ट देता येत नाही.

खरा त्रास कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नवा ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, होतो. बिलाच्या क्लासने बाहेरून आलेली यादी थेट फील्डमध्ये ठेवली आणि कॉल करणाऱ्याने पुढच्या गिऱ्हाइकासाठी तीच यादी क्लिअर केली, की आधीचं बिल रिकामं. एक्सेप्शन येत नाही, आणि चूक दिसते ती भलत्याच ठिकाणी. अशी चूक शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा कन्स्ट्रक्टरमध्येच प्रत काढावी. जावा १० पासून त्यासाठी लिस्टची ‘कॉपीऑफ’ मेथड आहे. मिळणारी यादी बदलता येत नाही, पण एखादा घटक नल असेल तर नलपॉइंटरएक्सेप्शन येतं. शिवाय ही प्रत उथळ असते: यादी वेगळी, आतले ऑब्जेक्ट तेच. त्यांनाही सेटर (आतली माहिती बदलणाऱ्या मेथड) असतील, तर प्रत्येकाची प्रत काढावी लागते. तारखेसाठी जुना ‘डेट’ टाळून जावा ८ मधला ‘लोकलडेट’ घेतला, तर ही कटकटच नाही, कारण तो बदलतच नाही.

यादी तपासायची असेल, तर आधी प्रत काढून ती प्रतच तपासावी. मूळ यादी तपासून मग प्रत काढली, तर मधल्या क्षणी दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारं दुसरं काम) तिच्यात बदल करू शकतो.