आरशाच्या चेंडूने सूर्यबिंब मोजणे : तिसऱ्या टप्प्याची नोंद

पहिल्या टप्प्यात वर्गाच्या भिंतीवर सूर्याचं बिंब नुसतं पाडलं, दुसऱ्यात ते हव्या त्या जागी आणून स्थिर केलं. आता त्याच साहित्यातून सूर्याचा कोनीय व्यास, म्हणजे तो आपल्याला किती कोनाएवढा दिसतो ते, पाच टक्क्यांच्या आत काढायचा आहे. चूक कुठे शिरते हे मुलांना स्वतः पकडता येतं, म्हणून हा टप्पा सगळ्यांत जास्त शिकवणारा आहे.

सध्याची जुळणी : ८ ते १० सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा पोकळ चेंडू, त्याला २ सेंटिमीटरचं भोक पाडून आत कोरडी वाळू. भोकावर ५ × ५ सेंटिमीटरचा साधा काचेचा आरसा, तीन ठिकाणी डबलसाइड टेपचे तुकडे लावून बसवलेला. चेंडू ठेवायला चिकटपट्टीच्या संपलेल्या रिळाचं कडं. चेंडू कसाही फिरवा, सोडला की तिथेच राहतो. वाळू मात्र ठासून भरलेली हवी. अर्धवट भरली तर ती आतल्या आत सरकते, चेंडू हळूहळू कलतो आणि बिंब उगाच भटकतं. वेळ मोजताना ही चूक लक्षातही येत नाही. ॲक्रिलिकचा आरसा घेऊ नये. तो किंचित वाकतो आणि १० मीटरवर तेवढ्यानेही कडा पसरते.

आरशावर काळी कार्डशीट आणि तिला छिद्र. पडद्याचं अंतर १० मीटर असेल तर ५ मिमी छिद्र योग्य. त्याहून मोठं घेतलं तर बिंब उजळ पण कडा पसरट. फार लहान घेतलं तर विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, कडा पुन्हा धूसर आणि वर उजेडही कमी. अंतर २५ मीटर असेल तर छिद्र ७ मिमी.

इथेच पहिली अडचण. आरशाचा चांदीचा थर काचेच्या मागे असतो, म्हणजे किरण छिद्रातून आत जातो, मागून परततो आणि त्याच छिद्रातून बाहेर पडतो. ३ मिमी जाडीच्या काचेवर ऊन ४५ अंशांनी पडत असेल, तर या जाण्यायेण्यात किरण पृष्ठभागावर सुमारे ३ मिमी सरकतो. ५ मिमीच्या गोल छिद्रातून मग जेमतेम पाव उजेड बाहेर येतो. बिंब मळकट दिसतं आणि दोष खोलीतल्या अपुऱ्या अंधाराला दिला जातो. उपाय सोपा आहे : छिद्र ५ मिमी रुंद आणि १० मिमी लांब कापायचं आणि लांब बाजू किरण ज्या दिशेने वळतो त्या दिशेला ठेवायची. ३ मिमी सरकण्यात गेले, उरलेले ७ मिमी तिरकस दिसल्यामुळे भिंतीच्या बाजूने ५ मिमीच भरतात.

छिद्र लांबट असून बिंब गोल कसं, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर तोंडी देऊ नये. त्रिकोणी छिद्राचं कार्ड लावून पांढरा कागद आरशापासून २० सेंटिमीटरवर धरायचा : त्रिकोण. मग कागद घेऊन हळूहळू मागे चालत जायचं. कोपरे विरघळत जातात आणि खोलीच्या टोकाला पोचेपर्यंत गोल झालेला असतो. तो गोल म्हणजे छिद्राचा आकार नव्हे, सूर्याचा, हे मग सांगावं लागत नाही.

आता मोजणी. फळ्यावर आलेखकागद, आणि तो किरणांशी काटकोनात. काटकोन जमला का हे बिंबच सांगतं : आडवा-उभा व्यास सारखा यायला हवा. भिंत तिरपी असून इलाजच नसेल तर लंबवर्तुळाचा लहान व्यास घ्यावा, तो बरोबर असतो.

१० मीटरवर बिंब सुमारे ९३ मिमी यायला हवं, कारण सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०७ पट आहे. बिंब सेकंदाला सुमारे ०.७ मिमी सरकतं. डावी कडा आखून दहा सेकंदांनी उजवी आखली की ७ मिमी चूक झालीच. म्हणून सरकण्याच्या दिशेला लंब असलेला व्यास मोजायचा. त्यावर सरकण्याचा परिणाम होत नाही. कडेच्या धूसर पट्ट्याचं काय? पट्टा जिथे संपतो ती बाहेरची कडा आणि जिथे पूर्ण उजेड सुरू होतो ती आतली कडा, दोन्ही आखून सरासरी घ्यायची. बाहेरचा व्यास छिद्राएवढा जास्त असतो, आतला तेवढाच कमी, त्यामुळे छिद्र हिशेबातून निघून जातं.

दुसरी पद्धत आम्हाला जास्त आवडते, कारण तिला अंतर मोजायचा टेपही लागत नाही. बिंबाचा मध्य पाच मिनिटं ठिपक्यांनी टिपून सरकण्याची दिशा काढायची, तिला लंब रेघ ओढायची आणि बिंबाला ती रेघ पूर्ण ओलांडायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर घ्यायचं. विषुवदिनाच्या सुमाराला हिशेबाने १२८ सेकंद, २१ जूनच्या आसपास १३७, २१ डिसेंबरच्या आसपास १४२. रेघ लंबापासून २० अंश कलली असेल तर वेळ सहा टक्के जास्त येते. धूसर कडेचा मधला भाग रेघेला लागला की घड्याळ सुरू, दुसऱ्या कडेचा मधला भाग लागला की बंद. अगदी बाहेरची कडा धरली तर सात सेकंद फुकट वाढतात.

सुरक्षेबाबत तडजोड नाही. आरसा खोलीबाहेर, त्याच्याशी एक मोठं माणूस सतत उभं. किरणाची वाट मुलांच्या डोक्यावरून जायला हवी. पडद्याकडून आरशाकडे पाहणं म्हणजे थेट सूर्याकडे पाहणंच आहे.

सूर्यडागांची आशा १० मीटरवर धरू नये. तिथे पृथ्वीएवढा डाग ०.९ मिमीसुद्धा भरत नाही आणि कडेचा धूसरपणा ५ मिमीचा. २५ मीटरवर, पूर्ण अंधारात, फार मोठा डागसमूह असेल तर तो उमटतो. बिंबाचा काठ मध्यापेक्षा मंद असतो, ते मात्र नीट दिसतं.

पुढचा टप्पा याच २५ मीटरच्या जुळणीवर : जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य सर्वांत दूर असताना, एक मोजणी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तो सर्वांत जवळ असताना, दुसरी. अपेक्षित व्यास अनुक्रमे २२९ आणि २३६ मिमी. ढगांनी दिवस हुकला तर आठवडाभर मागेपुढे चालतं, तेवढ्यात सूर्याचं अंतर फारसं बदलत नाही. अंतरातली २५ सेंटिमीटरची चूक बिंबात २ मिमीहून जास्त भरते, म्हणून चेंडूखालच्या रिळाच्या कड्याची आणि फळ्याची जागा रंगाने कायमची आखून ठेवायची. छिद्राचं कार्ड पाकिटात घालून जपायचं, कारण दोन्ही वेळा तेच हवं.