दगडी हाताला कळते, मग सॉफ्टवेअर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक असाच येतो: "सड कडक झाला, दुधात गुठळ्या आल्या की धार काढणाऱ्याला कळतंच. मग गाईंच्या नोंदी कॉम्प्युटरात कशाला?"

कळतंच, खरं आहे. दगडी, म्हणजे हाताला-डोळ्याला कळणारा कासेचा दाह, ओळखायला मी सॉफ्टवेअर वापरत नाही. मला शोधायचा असतो सुप्त कासदाह. कास मऊ, दूध दिसायला चांगलं, पण त्यात पेशी वाढलेल्या. निरोगी गाईच्या एक मिलिलिटर दुधात साधारण 1 लाखाच्या आत सोमॅटिक पेशी (गाईच्या शरीरातून दुधात उतरणाऱ्या पेशी) असतात. आकडा 2 लाखांपुढे गेला की संसर्ग धरून चालायचं. (चिकाचे दिवस सोडून, तेव्हा तो चढलेलाच असतो.)

टाकीचा, म्हणजे सगळ्या गाईंच्या एकत्र दुधाचा, आकडा फसवतो. समजा, 50 गाई सारखंच दूध देतात. 49 जणी 1 लाखावर आणि एकटीच 50 लाखांवर असली, तर सरासरी जवळजवळ 2 लाख. सगळ्या 50 जणी 2 लाखांवर असल्या, तरी 2 लाखच! पहिल्या गोठ्यात एक गाय बाजूला काढली की भागतं. दुसऱ्यात धार काढण्याची पद्धतच तपासावी लागते.

म्हणून मी सरासरी सोडून सरळ सॉफ्टवेअरमधल्या, दर महिन्याच्या तपासणीच्या गाईवार याद्या उघडते. गेल्या महिन्यात 2 लाखांखाली आणि आता वर, त्या नव्या. दोन्ही महिने वर, त्या जुन्या. नव्यांमध्ये ताज्या व्यालेल्या जास्त निघाल्या तर संशय भाकड काळावर (विण्याआधी दूध बंद असतं तो) आणि विण्याच्या जागेवर. वेताच्या मध्यावरच्या गाई एकामागून एक यायला लागल्या तर यंत्राचे कप, पुसायचं फडकं, हात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असाच पसरतो. शिवाय तो कासेत दडून बसतो, त्यामुळे त्या गाईचा आलेख वरखाली होत राहतो आणि एका चांगल्या आकड्यावर तिला बरी म्हणता येत नाही. ई. कोलाय हा दुसरा जंतू शेणा-ओलीतून येतो. दोन मासिक तपासण्यांच्या मधेच येऊन गेला तर तो याद्यांत सापडतही नाही. तिथे धार काढणाऱ्याची नोंदच कामाची.

धारेच्या यंत्रातल्या कंडक्टिव्हिटीच्या (दुधातून वीज किती वाहते त्याच्या) इशाऱ्यांवर माझा अर्धाच विश्वास आहे. कास सुजली की दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं, म्हणून वीज जास्त वाहते, हे बरोबर. पण काही गाईंचा आकडा मुळातच जास्त असतो. इशारा आला की चारही सडांचं दूध सीएमटीच्या (दुधात द्रावण मिसळून करायच्या झटपट चाचणीच्या) ताटलीत घेऊन बघायचं. ज्या सडाचं दूध जेलीसारखं घट्ट झालं, तो सड दोषी.

सगळ्यात जास्त डोकं नोंदीच खातात. "मागचा डावा" लिहिलेलं असतं, पण डावा गाईचा की समोर उभ्या असलेल्या माणसाचा? औषध दिल्याची तारीख राहिली, तर दूध किती दिवस टाकीबाहेर ठेवायचं हे सॉफ्टवेअर कुठून सांगणार?

खरा उपयोग गाय आटवताना, म्हणजे तिची धार बंद करताना, होतो. वेतातले शेवटचे काही महिने जिचा आकडा खाली राहिला आणि दगडी झाली नाही, तिला पशुवैद्यांना विचारून नुसतं सीलंट (सडाचं तोंड आतून बंद करणारं) लावता येतं. बाकीच्यांना अँटिबायोटिकची ट्यूब. व्याल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत दोन्ही गट शेजारी ठेवून बघायचे. पाच-सात गाईंसाठी हेच सगळं वहीतही होतं, फक्त गाय, सड आणि तारीख या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात.