जाड की बारीक? घरच्या एस्प्रेसो मशीनची गोष्ट

आमच्या इंदुरात एस्प्रेसो म्हटलं की आधी लग्नच आठवतं. जानेवारीतली रात्र, मॅरेज गार्डनमधली थंडी, गाजर हलव्याच्या काउंटरशेजारी ते बंबासारखं उभं स्टीलचं मशीन, त्याच्या नळीतून फुस्स करून वाफ निघते आणि कपात फेसाचा डोंगर, वर चॉकलेट पावडर. आमचे बाबा गुलाबजाम सोडतील, पण ती कॉफी दोनदा घेतल्याशिवाय गार्डनच्या बाहेर पडत नाहीत. तिच्यात खरी एस्प्रेसो (म्हणजे दळलेल्या कॉफीतून दाबानं गरम पाणी ढकलून काढलेली) नसते, इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध, सगळं वाफेवर उकळलेलं, पण मला तिच्याबद्दल एक शब्दही वाईट बोलायचा नाहीये, कारण घरी मशीन घ्यायचं डोक्यात आलं ते तिच्यामुळेच. बाबा रिटायर झाले तेव्हा म्हणाले, "आता एकच हौस आहे बघ, ती लग्नातली कॉफी रोज चार वाजता घरी मिळाली पाहिजे."

मग मी महाराणी रोडला गेले आणि एका दुकानातून साडेपाच हजारांचं मशीन उचलून आणलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॉफी मशीन सब एक जैसी होती है." तसं नसतं हो, आणि हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणूनच हे लिहितेय. ते होतं वाफेवर चालणारं, 800 वॉटचं, वर काळं झाकण आणि खाली काचेचा जग. आत बंद टाकीत पाणी उकळतं, वाफ साठते आणि तीच वाफ पाण्याला कॉफी पावडरमधून ढकलते. म्हणजे आपला कुकरच म्हणा ना. दाब जेमतेम 3-4 बार होतो आणि पाणी उकळीच्या घरात असतं, त्यामुळे कॉफी करपते. आमच्या कपात रोज एक जळकट कडवटपणा यायचा, बाबा बिचारे काही बोलायचे नाहीत, फक्त साखर वाढवत न्यायचे, आणि ते बघून मलाच कसंतरी व्हायचं. (हे मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, वाफ पूर्ण सोडल्याशिवाय वरचं झाकण कधीच उघडू नका, कुकरचं उघडत नाही तसंच.)

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की ही वाफेची पद्धत म्हणजे एस्प्रेसोची सुरुवातीची पद्धत, मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 साली असल्याच मशीनचं पेटंट घेतलं होतं. पुढे 1940 च्या दशकात तिथल्याच आकिले गाज्जियानं दांडा आणि स्प्रिंग लावून पाणी जोरात दाबायची युक्ती काढली, आणि तेव्हापासून कपावर तो सोनेरी तपकिरी थर यायला लागला ज्याला क्रेमा म्हणतात. आजच्या घरगुती मशीनमध्ये ते काम छोटा इलेक्ट्रिक पंप करतो. पाणी 90 ते 96 डिग्री, दाब 9 बारच्या आसपास. 9 बार म्हणजे किती, तर कारच्या टायरमध्ये आपण 32-33 पीएसआय हवा भरतो ना, म्हणजे साधारण सव्वादोन बार, त्याच्या चौपट.

त्यामुळे घ्यायचंच तर पंपवालं घ्या, बाकी सगळं नंतर. बॉक्सवर 15 बार, 20 बार असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, तो पंपाचा जास्तीत जास्त जोर झाला, कॉफीला लागतात 9च, 20 वालं काही 15 वाल्यापेक्षा चांगली कॉफी देत नाही. मी दुसऱ्यांदा घेतलं ते साडेदहा हजारांचं, 51 मिलिमीटरचा फिल्टर होल्डर (कॉफी भरायचं दांड्याचं भांडं), वाफेची दांडी, दोन बटणं आणि एक नॉब. स्क्रीन नाही, आपोआप दूध फेटणारा डबा नाही, आणि मला ते नसल्याचं कधी काही वाटलं नाही. अजून एक, ही मशीन 1350 वॉटच्या आसपास असतात, म्हणजे साध्या पॉइंटच्या सहा अँपियरला जवळजवळ टेकतात, तेव्हा मिक्सरच्या पॉइंटवर ॲडॅप्टर लावून चालवू नका, गीझरसारखा 16 अँपियरचा पॉइंट करून घ्या, आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून एका तासात करून घेतला.

आता खरी गोष्ट. नवीन मशीन आलं तरी पहिले दोन आठवडे कॉफी काही जमेना. आमच्याकडे फिल्टर कॉफीची पावडर होती तीच घातली, तीस टक्के चिकोरीवाली, तर फिल्टरची भोकं चिकटली आणि थेंब थेंब काळं पाणी यायला लागलं. मग बिनचिकोरीची तयार पावडर आणली तर दहा सेकंदात भसकन कप भरला, पातळ आणि आंबट, बाबा म्हणाले, "यात आमसूल घातलंस का गं?" मला वाटलं मशीनच खराब, परत करायच्या विचारात होते.

आई ओट्याशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं पावडर चिमटीत घेतली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाली, "हे तर लाडवाच्या बेसनासारखं रवाळ आहे, पाणी थांबणार कुठे यात?"

मी बघतच राहिले. कारण बरोबर होतं! आमच्याकडे चक्कीवर गेलं की चक्कीवाला आजही पहिला प्रश्न विचारतो, जाड की बारीक, आणि आईकडे प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असतं, लाडवाला रवाळ, पुरणपोळीला अगदी मऊ, चकलीच्या भाजणीला मधलं, आणि भाजणी तर आधी भाजायची कशी आणि दळून आणल्यावर किती दिवसांत संपवायची हेही ठरलेलं. एस्प्रेसो पण अगदी तेच आहे, भाजणी आणि दळण. पंप 9 बारनं ढकलणार म्हणून समोर पावडरनंही तेवढंच अडवायला पाहिजे, आणि किती अडवेल ते दळणावर आहे. जाड असलं तर पाणी पळतं आणि आंबट लागतं, फार बारीक असलं तर पाणी अडकतं आणि कडू होतं.

तर त्या दिवशी ठरवलं, कॉफीचे दाणे आणायचे आणि घरी दळायचं. हाताचा ग्राइंडर घेतला, साडेसहा हजार पडले, आणि हो, मशीनच्या निम्म्याहून जास्त पैसे त्यात गेले, नातेवाईकांनी नावं ठेवली, पण मी परत घेतला तरी असाच घेईन, किंबहुना बजेट कमी असेल तर मशीन अजून साधं घ्या पण ग्राइंडरमध्ये कापू नका. मिक्सरमध्ये दळू नका, त्यात अर्धं पीठ आणि अर्धे खडे होतात. आणि जोपर्यंत ग्राइंडर नाही तोपर्यंत मशीनबरोबर येणारा डबल वॉल फिल्टर वापरा, त्याला खाली एकच बारीक भोक असतं, तेच दाब तयार करतं, त्यामुळे तयार पावडर चालून जाते. त्यात फेस छान दिसतो, चव मात्र सपाट. घरी दळायला लागलात की सिंगल वॉल, म्हणजे साधा, भरपूर भोकांचा.

दाणे चिकमंगळूरचे मागवते, अरेबिका जातीच्या दाण्यांत थोडे रोबस्टा जातीचे मिसळलेले, रोबस्टानं क्रेमा दाट येतो आणि दुधात चव मरत नाही. पाकिटावर भाजल्याची तारीख बघायची, नुसती एक्सपायरी नाही. भाजून आठ-दहा दिवस झाले की मजा येते, महिन्याच्या आत संपवायचे. 18 ग्रॅम दाणे, काट्यावर तोलून. आईच दळते, तिला दांडी फिरवताना हाताला जोर किती लागतो त्यावरून कळतं. मग फिल्टरमध्ये भरून सपाट करून सरळ दाबायचं, तिरकं दाबलं तर पाणी एका बाजूनं वाट काढतं. कप काट्यावर ठेवायचा आणि बटण दाबायचं. पाच-सात सेकंद काहीच होत नाही, मग दोन काळे थेंब, मग धार, आणि ती धार नीट आली की आई म्हणते "एकतारी झाला बघ", पाकाची तार कशी बोटांमधून न तुटता ओढली जाते ना, अगदी तशी, वर गडद आणि खाली येता येता मधाच्या रंगाची. 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम आले की थांबवायचं. लवकर आले तर उद्या ग्राइंडर एक क्लिक (म्हणजे त्याच्या चकतीचा एक टप्पा) बारीक, उशिरा आले तर एक क्लिक जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय केल्यानं काय झालं ते कळतच नाही.

दुधावरून आमच्याकडे चांगलाच वाद झाला. पाकिटातलं दूध न तापवता वापरायला आई तयार नव्हती. तिला समजावलं की ते पाश्चराइज्ड असतं, आणि तापवून गार केलेल्या दुधाची साय वाफेच्या दांडीला चिकटते, फेसात तुकडे येतात. सांची ब्रँडचं फुल क्रीम दूध, फ्रिजमधून थेट, जग एक तृतीयांश भरायचा. आधी दांडीतलं साठलेलं पाणी ओल्या फडक्यात सोडून द्यायचं, मग टोक दुधात जेमतेम बुडवायचं, तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर होतो तसा चुर्र चुर्र आवाज आला पाहिजे, तोही चार-पाच सेकंदच, मग दांडी थोडी खाली घेऊन दूध गरगर फिरू द्यायचं. जगाला तळहात लावून ठेवायचा, चटका बसून हात काढावासा वाटला की 60 च्या पुढे गेलं. 65 च्या आसपास दुधाचा गोडवा सगळ्यात जास्त लागतो.

पण बाबांना 65 म्हणजे कोमट! लग्नातली ती वाफेची कॉफी जिभेला चटका देणारी असते आणि त्यांना तेच आवडतं. पुस्तकी नियम सांगून मी भांडले नाही, कॉफी त्यांच्यासाठी आहे. कप उकळत्या पाण्यानं आधी गरम करून घेते, आणि दूध 70 पर्यंत नेते, त्याच्या वर नाही.

पाहुणे आले तर आधी सगळे शॉट, म्हणजे सगळ्यांची नुसती कॉफी, काढून घ्यायचे आणि मग दूध, कारण या छोट्या मशीनला वाफेसाठी जास्त तापावं लागतं आणि लगेच परत कॉफी काढली की ती करपते. काढायचीच झाली तर आधी थोडं पाणी नुसतं वाहू द्यायचं.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी बोअरिंगचं, आमच्या बोअरिंगच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, तसाच थर मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांत चढतो आणि मशीन मरतं. मी पिण्याच्या फिल्टरचं पाणीच घालते आणि दर दोन महिन्यांनी लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम लिंबूसत्व घालून आतून फिरवते, मग दोन टाक्या साधं पाणी.

हिशोब सांगते, 250 ग्रॅम दाणे साडेचारशेला पडतात, त्यात चौदा कप, म्हणजे दूध धरून कप चाळीसच्या आसपास. बाहेर तोच दोनशेला.

परवा नवीन पाकीट आलंय, भाजून चारच दिवस झालेत. आईनं कालनिर्णयवर धोब्याच्या हिशोबाखाली जुन्या पाकिटाचं "14 क्लिक" लिहून ठेवलंय, तेवढ्यावर नवीन दाणे फसफसले, नुसता फेस. रविवारपर्यंत पाकीट बंद ठेवायचं ठरलंय. रविवारी आत्या येतेय राजेंद्रनगरहून, आणि बाबांनी फोन करून तिला सांगून टाकलंय की येताना चॉकलेट पावडर घेऊन ये.