तुम्ही विचारलंत म्हणून: 'फेउल' आला कुठून?

मी एक नवी जर्मानिक (म्हणजे इंग्लिश, डच, डॅनिश यांच्या कुळातली) भाषा रचतेय हे कळलं की सगळे पहिलं हेच विचारतात, शब्द मनानेच बनवतेस का? नाही हो, मनाने बनवलेला शब्द मला दोन दिवसांत खोटा वाटायला लागतो. फेउल घ्या, म्हणजे चाक.

सदाशिव पेठेत पंक्चर काढायला थांबले होते, नेहमीच्या काकांनीही हेच विचारलं, त्यांच्या हातात चाकच होतं मग तिथूनच सुरू केलं. संस्कृत चक्र, प्राकृतात चक्क, मराठीत चाक, जसं सप्त, सत्त, सात. चक्राच्याही मागचा, म्हणजे संस्कृत आणि इंग्लिश दोन्ही जिच्यातून आल्या त्या आदिभाषेतला शब्द साधारण क्वेक्वलोस, त्यात दोन्ही क, संस्कृतात पहिल्याचा पुढच्या ए मुळे च झाला, दुसरा तसाच राहिला. जर्मानिकमध्ये मात्र क चा ह झाला (जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला नियम), त्यातूनच इंग्लिशचं व्हील आणि डचांचं वील. म्हणजे चाक आणि व्हील चुलत भावंडं!

पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. जुन्या इंग्लिशमध्ये याच शब्दाच्या एका रूपात मध्येच ग दिसतो, ह नाही. का, ते डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नरने 1877 मध्ये दाखवलं, मुळात आघात (उच्चारातला जोर) त्या व्यंजनाच्या नंतर असेल तर ह चा ग होतो, आणि आघात कुठे होता हे कळतं आपल्या वैदिक संस्कृतातून, चक्रात उदात्त, म्हणजे उंच स्वर, शेवटच्या अक्षरावरच आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तो ग पुढे विरघळून उ झाला, तिथून माझा शब्द निघतो, ह्वेउल.

सुरुवातीच्या ह्व चा फ मी केला, पण तोही हवेतून नाही, स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनकडे इंग्लिश व्हॉटला फिट म्हणतात. लिंग नपुंसक ठेवलं, कारण जुन्या इंग्लिशमध्ये, डचमध्ये, डॅनिशमध्ये नपुंसकच आणि आपलंही ते चाक.

काका घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होते, म्हणाले, "मग ताई, दुचाकीला काय?"

त्वीफेउल. दु च्या जागी त्वी, द चा त, परत ग्रिमचाच नियम.