भावाचा रकाना

"पण ताई, भाव ठरलाच नसेल तर इथे काय लिहायचं?"

आज सकाळी, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर, दिवाणजींनी हे विचारलं आणि मी गप्प.

या गाळ्याच्या हिशोबासाठी मी सॉफ्टवेअर बनवतेय. समोर गोण्यांच्या थप्पीवर त्याचे कागदावर काढलेले स्क्रीन मांडलेले. पेन्सिलची बटणं. पहिल्याच कागदावर गाडी नंबर, शेतकरी, गोण्या, वजन, भाव. भावापुढे मी ऐटीत लाल चांदणी काढली होती, म्हणजे हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"गाडी रात्रीच लागते. भाव सकाळी, गिऱ्हाईक आल्यावर. आणि एकाच शेतकऱ्याचा माल तीन भावांत जातो कधीकधी." बोलता बोलता त्यांनी माझीच पेन्सिल घेतली आणि एका नावाखाली तीन ओळी आखल्या. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब, कशी बनते ते मला तेव्हा कळलं.

मालकांच्या एसी केबिनमध्ये दोन मीटिंगा झाल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. (चहा मात्र फक्कड होता.) सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं त्या यादीत 'भाव' होता, पण कधी आणि किती वेळा, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

कागदावर रबर फिरवायला दोन मिनिटं लागली. हेच कोड लिहिल्यावर कळलं असतं तर डेटाबेसची टेबलं, पट्टीचा हिशोब, छपाई, सगळं उसवावं लागलं असतं.

दुपारी मालकांचा फोन: "कोडिंग कधी सुरू?"

उद्या मापाड्यांना, म्हणजे माल तोलणाऱ्यांना, भेटायचंय. तुम्ही असता तर त्यांना पहिलं काय विचारलं असतं?